फोडणीचे तेल कुणी ठरवले?

बाजारातून आलेल्या पुड्यामागची बारीक अक्षरे वाचायची खोड मला उतारवयात जडली. बिस्किटे असोत, फरसाण असो, इन्स्टंट नूडल्स असोत की नातवंडांच्या आवडीचे क्रीम रोल, आधी पाकीट उलटे करून बघायचे आणि मगच फोडायचे. घरचे वैतागतात. पण त्या खोडीमुळे एक गोष्ट ध्यानात आली. कंपन्या निराळ्या, चवी निराळ्या, पण बहुतेकांच्या पाठीवर एक शब्द ठरलेला. पाम तेल. कुठे नुसते 'पामोलिन', तर कुठे 'खाद्य वनस्पती तेल (पाम)'.

आमच्या आजीने आयुष्यात तेलाचा पाम कधी पाहिला नव्हता. तिला माड ठाऊक होता, माडी ठाऊक होती, पोफळ ठाऊक होती. मलेशिया-इंडोनेशियातल्या या झाडाचे तेल तिच्या पणतवंडांच्या पोटात रोज जाते. ते आम्ही कधी मागितले नव्हते. कुठल्या डॉक्टराने लिहून दिले नव्हते. मग ते आले कसे? मी जमेल तसे वाचत गेलो आणि धागा जाऊन पोचला तो थेट दिल्लीतल्या सीमाशुल्काच्या अधिसूचनांपाशी! स्वयंपाकघराचा आणि त्या रुक्ष कागदांचा एवढा जवळचा संबंध असेल, असे मला कधी वाटले नव्हते.

पण आधी आमच्या घरचे सांगतो.

माझ्या लहानपणी घरात तेल दोन प्रकारचे असायचे. रोजच्या फोडणीला खोबरेल आणि सणाच्या तळणाला घाटावरून येणारे गोडेतेल. खोबरेल घरच्या नारळाचे. एप्रिल-मे महिन्यांत खोबऱ्याच्या वाट्या खळ्यात वाळत पडायच्या. कावळे हाकलायचे काम आम्हा पोरांकडे. वाट्या कडकडीत वाळल्या की घाण्यावर जायच्या. पावसाळ्याच्या पुरुमेंतात सुकी मासळी, कोकम, मीठ यांच्या जोडीला तेलाचा डबा येऊन बसायचा. पेंड म्हशीला. तो डबा पुढचा हंगाम येईपर्यंत पुरवायचा असे, त्यामुळे आजी तेल पळीने मोजून घालायची. चवथीच्या नेवऱ्या, जत्रेतले खाजे, एखाद्या पाहुण्यासाठी भजी. तळणीचे दिवस वर्षातून बोटांवर मोजता येण्याइतके.

हे सांगताना 'जुने ते सोने' म्हणायचा माझा मुळीच इरादा नाही. आजी तेल जपून वापरायची ती हृदयाच्या काळजीने नव्हे. तेल महाग होते आणि मोजकेच होते म्हणून. कोलेस्टेरॉल हा शब्दही तिने ऐकला नव्हता. तिच्या हातातल्या पळीचे माप तेलाच्या किमतीने ठरवले होते. माझे सगळे म्हणणे या एका गोष्टीवर उभे आहे, तेव्हा ती लक्षात असू द्या.

आणि परदेशातून आले म्हणून वाईट, असेही मी म्हणणार नाही. गोव्यातल्या माणसाने तरी ते म्हणू नये! मिरची, काजू, बटाटा ही सगळी समुद्रावरून आलेली मंडळी. मिरचीविना हुमण कसले आणि काजूविना गोवा कसला? आमच्या ताटात व्यापार पहिल्यापासून बसलेला आहे. प्रश्न एवढाच की त्या व्यापाराचे नियम करताना ताटावर बसलेल्या माणसाच्या प्रकृतीचा विचार कुणी करतो का.

आता पामोलिनकडे वळू. माझ्या पिढीला ते पहिल्यांदा भेटले रेशनच्या दुकानात, १९८०च्या आसपास. तेव्हा खाद्यतेलाची आयात सरकारच्या हाती होती. स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत तेल यायचे आणि कार्डावर ठराविक किलो मिळायचे. रांगेत उभे राहून ते आणायचे, घरी आले की नाके मुरडायची. 'रेशनचे तेल' म्हणजे कमीपणाचे असा एक समज होता. थंडीत ते गोठायचे, त्याचीही तक्रार. खोबरेलही गोठते म्हणा, पण ते आपले!

आयातीवर परकीय चलन फार खर्च होऊ लागले, तेव्हा १९८६ साली सरकारने तेलबियांसाठी तंत्रज्ञान मिशन काढले. शेतकऱ्याला चांगले बियाणे, बरा भाव आणि बाजारात थोडे संरक्षण असा तो बेत होता. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने 'धारा' हे तेल १९८८ साली बाजारात आणले, ते याच काळातले. भुईमूग, मोहरी, सोयाबीन, सूर्यफूल यांचे उत्पादन वाढले आणि १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला देश तेलाच्या बाबतीत जवळजवळ स्वयंपूर्ण झाला. आज हे खरे वाटत नाही, पण झाले होते.

मग १९९४ साल उजाडले. पामोलिनची आयात खुली झाली. म्हणजे परवान्याची भानगड नाही, ६५ टक्के शुल्क भरा आणि कुणीही आणा. १९९५ साली बाकीची बहुतेक तेले याच वाटेने आली आणि शुल्क ३० टक्क्यांवर उतरले. १९९८ साली ते १५ टक्के झाले. चार-पाच वर्षांत कुंपण गुडघ्याएवढे राहिले. आयात बघता बघता फुगली. शतक संपेपर्यंत देशातल्या तेलाचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग बाहेरून येऊ लागला.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. जागतिक व्यापार संघटना १ जानेवारी १९९५ रोजी सुरू झाली, त्यामुळे 'डब्ल्यूटीओने आपल्याला भाग पाडले' असे सरसकट बोलले जाते. सोयाबीन तेलाबाबत त्यात तथ्य आहे. त्यावर ४५ टक्क्यांहून जास्त शुल्क लावणार नाही असे भारताने बांधून घेतले आहे. पण पाम तेलासाठी भारताने मान्य केलेली कमाल मर्यादा होती ३०० टक्के! तीनशेची मुभा असताना आपण पंधरावर आलो, ते आपल्या मर्जीने. शहरी ग्राहकाला स्वस्त तेल हवे होते, रिफायनरींना स्वस्त कच्चा माल हवा होता आणि महागाईचा आकडा खाली दिसायला हवा होता. मोठी मर्यादा सोयाबीनच्या ४५ टक्क्यांची पंचाईत मात्र पुढे वेगळ्या रीतीने भोवली. पामवर फार शुल्क लावले की व्यापारी सोयाबीनकडे वळतात, म्हणून पामचा दरही मनाला येईल तेवढा वर नेता येत नाही.

घाण्यांवरचा शेवटचा घाव १९९८ च्या ऑगस्टमध्ये पडला. दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचे तेल मिसळलेले निघाले. साठांहून अधिक माणसे दगावली, हजारो आजारी पडली. त्यानंतर सुटे तेल विकण्यावर बंधने आली, बंद पाकिटाचा आग्रह धरला गेला. भेसळ रोखायलाच हवी होती, त्याबद्दल दुमत नाही. पण पाकिटबंद करायची यंत्रे गावच्या घाणेवाल्याकडे कुठली असणार? ती होती मोठ्या कंपन्यांकडे आणि मोठ्या कंपन्यांचा कच्चा माल बंदरातून येत होता.

तेव्हापासून आयातशुल्काची उठाबशी चालू आहे. २००० नंतर ते पुष्कळ वाढवले गेले, एप्रिल २००८ मध्ये महागाई भडकली तेव्हा कच्च्या तेलांवर शून्य झाले, २०१८ साली कच्च्या पामवर ४४ टक्के आणि शुद्ध केलेल्या पामवर ५४ टक्के झाले, २०२१ च्या अखेरीस कच्च्या तेलांचे मूळ शुल्क पुन्हा शून्य. मध्ये आसियान देशांशी करार झाला, तो १ जानेवारी २०१० पासून अमलात आला. त्यात पामवरचे शुल्क टप्प्याटप्प्याने कच्च्यासाठी ३७.५ आणि शुद्ध केलेल्यासाठी ४५ टक्क्यांपर्यंत खाली आणायचे आपण कबूल केले. म्हणजे पूर्वीची ३०० टक्क्यांची मुभा त्या देशांपुरती तरी हातची गेली.

या आकड्यांनी कंटाळला असाल तर आमच्या जत्रेत चला. तिथे खाजी विकायला येणारी एक बाई माझ्या ओळखीची आहे. तिची सासू याच जागी बसायची. एकदा तिला विचारले, "कसल्या तेलात तळतेस गो?" ती हसली आणि म्हणाली, "तेल म्हणल्यार तेल, बाब. सवाय मेळटा तें घेता." गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, सवाय म्हणजे स्वस्त. तिला पंधरा किलोचा डबा लागतो. डब्यामागे शंभर रुपये वाचले तर ती तिची त्या दिवसाची मजुरी. तिने दुसरे काय करावे? भज्यांचा गाडेवाला, मिठाईवाला, हॉटेलवाला आणि बिस्किटाचा कारखानदार, सगळ्यांचा हिशेब तोच. पाम तेल स्वस्त, कारण एका हेक्टरातून सोयाबीनच्या कितीतरी पट तेल निघते. शिवाय त्याला स्वतःचा असा वास नाही, ते तळणीत टिकते, नेहमीच्या तापमानाला अर्धवट घट्ट राहते म्हणून बिस्किटाला खुसखुशीतपणा देते. कारखान्याला याहून सोयीचे तेल नाही.

आता प्रकृतीकडे येतो. माझ्या धाकट्या भावाला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला. विडी-सिगरेट नाही, दारू नाही, दुकानात दिवसभर बसणे आणि संध्याकाळी गाड्यावरची दोन भजी-पाव. नशिबाने वाचला. घरी येताना त्याला आहाराचा एक कागद मिळाला. त्यावर पहिल्या ओळीला 'नारळ व खोबरेल वर्ज्य'. वहिनीने त्याच दिवशी खोबरेलाची बाटली माळ्यावर टाकली. आमटीतले वाटण गेले, सोलकढी गेली. पण बरणीतले फरसाण, चहाबरोबरची खारी आणि संध्याकाळचा गाडा यांच्याबद्दल त्या कागदात एक अक्षर नव्हते. त्यामुळे ते तसेच राहिले! सहा महिन्यांनी पुन्हा रक्त तपासले, तर आकडे जवळपास तिथल्या तिथे. भाऊ मला म्हणाला, "दादा, माझ्या जेवणातली चव गेली आणि रक्तातली चरबी मात्र राहिली."

खोबरेलाची वकिली करायला मी हे सांगत नाही. आमच्याकडे दोन टोकाची माणसे भेटतात. एक म्हणतात खोबरेल म्हणजे विष, दुसरे म्हणतात खोबरेल म्हणजे अमृत आणि सगळा अमेरिकेचा कट. खरे काय ते थोडे गुंतागुंतीचे आहे. खोबरेलात संपृक्त चरबी सुमारे ९० टक्के, पाम तेलात निम्म्याच्या आसपास, शेंगदाण्याच्या तेलात पंचमांशाच्या आत-बाहेर, सोयाबीनमध्ये त्याहून कमी. संपृक्त चरबी जास्त झाली की रक्तातले 'वाईट' कोलेस्टेरॉल वाढते, हे पुष्कळ अभ्यासांत दिसले आहे. २०२० साली 'सर्क्युलेशन' या वैद्यकीय नियतकालिकात अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. त्यातही सोयाबीन, सूर्यफूल यांसारख्या तेलांच्या तुलनेत खोबरेलाने ते वाढते असेच निघाले. तेव्हा अमृत वगैरे काही नाही. वनस्पती तुपाचे तर बोलूच नका. तेल घट्ट करण्याच्या जुन्या प्रक्रियेत जी ट्रान्स चरबी तयार होते ती या सगळ्यांहून घातक. तिच्यावर आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने १ जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा घातली, हे फार चांगले झाले. वनस्पतीच्या जागी पाम आले तर तेवढ्यापुरता फायदाच, हेही प्रामाणिकपणे मान्य करायला हवे.

पण 'कट' म्हणणाऱ्यांचे सगळेच चुकते असेही नाही. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या सोयाबीन उत्पादकांच्या संघटनेने पाम आणि खोबरेल यांच्याविरुद्ध जोरदार मोहीम चालवली होती. पूर्वेकडून येणारे स्वस्त तेल त्यांच्या बाजारात शिरत होते, आणि त्याच्याशी लढायला हृदयविकाराइतके परिणामकारक हत्यार दुसरे नव्हते. त्याच सुमारास फिल सोकोलोफ नावाच्या एका उद्योजकाने, स्वतःला झटका येऊन गेल्यावर, वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती देऊन 'ट्रॉपिकल' तेलांवर तोफ डागली. तो मनापासून बोलत होता. कंपन्यांनी घाईघाईने पाम आणि खोबरेल काढले आणि त्याजागी बरेचदा घातले काय, तर अर्धवट घट्ट केलेले सोयाबीन तेल, म्हणजेच ट्रान्स चरबी! मलेशियाने उलट प्रचार केला, पुढे १९८९ मध्ये दोन्ही बाजूंनी तलवारी म्यान केल्या. आरोग्याची भाषा व्यापाराला हवी तेव्हा बोलता येते आणि नको तेव्हा गिळता येते, याचे याहून बोलके उदाहरण मला माहीत नाही.

तेव्हा 'कुठले तेल चांगले' या वादात मी आता पडत नाही. माझ्या मते खरा प्रश्न 'किती' हा आहे. नीती आयोगाच्या २०२४ च्या अहवालानुसार आपल्या देशात दरमाणशी वर्षाला १९.७ किलो खाद्यतेल लागते. आपल्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीप्रमाणे ते १२ किलोच्या आसपास असावे. म्हणजे दीडपटीहून जास्त. आणि हे जादा तेल आपण काही वरणावर ओतून घेत नाही. ते येते फरसाणातून, बिस्किटांतून, गाड्यावरच्या पदार्थांतून, लग्नाच्या जेवणावळीतून. ते डोळ्यांना दिसतच नाही. आजीच्या पळीला किमतीचा लगाम होता, तो लगाम सुटला. चवथीला होणारे तळण रोजचे झाले. देशाला वर्षाला दीडशे लाख टनांहून जास्त तेल बाहेरून आणावे लागते, गरजेच्या निम्म्याहून अधिक, आणि त्यात निम्म्याच्या आसपास वाटा पामचा. कांडला, मुंद्रा, मंगळूरच्या बंदरांत उतरलेले ते तेल तुमच्या-आमच्या धमन्यांपर्यंत किती सहज पोचते!

मला सर्वांत जास्त अस्वस्थ केले ते २०२५ मधल्या दोन बातम्यांनी. २३ फेब्रुवारी २०२५ रोजी पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये लठ्ठपणाविषयी काळजी व्यक्त केली आणि घरोघरी तेलाचा वापर १० टक्के कमी करा असे आवाहन केले. आवाहन उत्तम होते. त्यानंतर तीन महिन्यांनी, मे २०२५ च्या अखेरीस, कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलांवरचे मूळ आयातशुल्क २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणले गेले. सप्टेंबर २०२४ मध्ये शून्यावरून २० केले होते, ते निम्मे झाले. कारणे दिली गेली ती ग्राहकांना दिलासा आणि देशी रिफायनरींना बळ अशी. तीही खोटी नाहीत. पण एका तोंडाने 'तेल कमी खा' आणि दुसऱ्या हाताने 'तेल स्वस्त घ्या', याची गंमत कुणाला वाटली नाही. कारण पहिली गोष्ट आरोग्याची म्हणून गणली गेली आणि दुसरी व्यापाराची. दोन खाती, दोन इमारती. आणि जत्रेतल्या त्या बाईच्या कढईवर यांतल्या कुणाचा हुकूम चालणार, आवाहनाचा की डब्याच्या दराचा?

"मग करायचे काय? जगात कुणी काही केले आहे का?" असे तुम्ही विचाराल. केले आहे, आणि तेही अशा ठिकाणी जिथे आपली माणसे आहेत. मॉरिशसला मराठी मंडळी गेली ती एकोणिसाव्या शतकात, कोकणातून, उसाच्या मळ्यांवर राबायला. आजही तिथे शाळांतून मराठी शिकवतात, गणेशचतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. या चिमुकल्या देशात हृदयविकार आणि मधुमेह फार. तिथेही स्वस्त शिधा म्हणून जे तेल मिळायचे ते मुख्यतः पामचे. ते बाहेरूनच येई. १९८७ साली सरकारने ठरवले की या तेलात आता पामऐवजी सोयाबीन. लोकांना उपदेश करत बसण्याआधी डब्यातले तेलच बदलले. पाच वर्षांनी, १९९२ साली तपासणी झाली. लोकांचे सरासरी कोलेस्टेरॉल आपल्याकडच्या मापाने सांगायचे तर साधारण २१३ वरून १८२ पर्यंत उतरले होते. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये १९९० च्या दशकात हे प्रसिद्ध झाले. सगळे श्रेय एकट्या तेलाचे नाही, व्यायाम, तंबाखू, दारू यांबद्दलची मोहीमही जोडीला होती. लठ्ठपणा त्या काळात कमी झाला नाही, उलट वाढला. तरीही, कुणाच्या आजीला न विचारता, कुणाची सोलकढी बंद न करता, सबंध देशाच्या रक्ताचा आकडा खाली आला. माझ्या भावाला त्या आहाराच्या कागदाने जे दिले नाही ते तिथल्या माणसांना एका खरेदीच्या निर्णयाने दिले.

उलट बाजूचेही एक उदाहरण आहे. प्रशांत महासागरातल्या सामोआ बेटांवर अमेरिकेतून टर्की पक्ष्याच्या शेपटीकडचा भाग यायचा. अतिशय चरबीचा, अमेरिकेत फारसे कुणी न खाणारा, म्हणून मातीमोल. सामोआत लठ्ठपणा बेसुमार वाढला तेव्हा २००७ साली सरकारने त्याच्या आयातीवर बंदी घातली. पण जागतिक व्यापार संघटनेत शिरायचे होते. २०१२ साली सदस्यत्व मिळाले ते ही बंदी उठवण्याची अट मान्य करून. तात्पुरते भरमसाट शुल्क लावायची तेवढी सवलत. गॅटच्या विसाव्या कलमात माणसाच्या जिवाच्या आणि आरोग्याच्या रक्षणासाठी अपवाद करता येतो असे लिहिले आहे खरे. पण लहान देशाने तो अपवाद मोठ्या देशांसमोर मांडायचा, म्हणजे गावच्या कुळाने भाटकारासमोर कायद्याचे पुस्तक उघडण्यासारखे.

आपण काही सामोआ नाही. जगातल्या सर्वांत मोठ्या तेल-ग्राहकांपैकी आपण एक. आपल्या शब्दाला वजन आहे. पण आपल्याकडेही जेव्हा आवाज उठला तो वेगळ्या कारणासाठी. आसियान करार झाला तेव्हा केरळात २ ऑक्टोबर २००९ रोजी डाव्या पक्षांनी राज्यभर मानवी साखळी उभी केली. नारळ, रबर, मिरी पिकवणाऱ्या शेतकऱ्याचे काय होणार, हा त्यांचा सवाल. तो रास्तच होता. मात्र त्या साखळीत 'आमच्या हृदयाचे काय' असे विचारणारे कुणी नव्हते. आमच्या गोव्यात तर तेवढेही झाले नाही.

आता दुसरी बाजू. शुल्क वाढवा, तेल महाग करा, लोक कमी खातील, असे मी म्हटले तर ती खाजेवाली मला जत्रेतून हाकलून देईल, आणि तिचे बरोबर असेल. २०२२ च्या एप्रिलअखेरीस इंडोनेशियाने पामची निर्यात जवळजवळ महिनाभर बंद ठेवली होती. युक्रेनच्या युद्धाने सूर्यफुलाचे तेल आधीच अडले होते. तेव्हा तेलाच्या पिशवीचा भाव ऐकून गरिबाच्या घरातली फोडणीसुद्धा बंद पडायची वेळ आली. ज्याच्या ताटात आधीच स्निग्धता कमी आहे त्याच्यासाठी महाग तेल हेही अनारोग्यच. श्रीमंत माणूस महागाईत बदामाच्या तेलाकडे वळेल, गरीब कशाकडे वळणार?

म्हणून मॉरिशसचा धडा मला जास्त पटतो. सरसकट महाग किंवा सरसकट स्वस्त करण्यापेक्षा कुठले तेल स्वस्त ठेवायचे ते निवडता येते. रेशनवर, अंगणवाडीत, शाळेच्या माध्यान्ह भोजनात सरकार स्वतः तेल विकत घेते, तिथून सुरुवात करता येते. शेंगदाणा, तीळ, मोहरी पिकवणाऱ्याला भाव देता येतो. कारखान्यात बिस्किटे आणि वेफर्स तळायला जाणारे तेल आणि घरच्या फोडणीचे तेल यांना एकाच मापाने मोजायलाच हवे असे नाही. यातले काय जमेल, काय जमणार नाही, ते जाणकारांनी ठरवावे. माझी मागणी त्याहून लहान आहे. व्यापार करारावर सही करण्याआधी, शुल्काचा आकडा बदलण्याआधी, त्या टेबलाशी रिफायनरीवाले असतात, शेतकरी संघटना असतात, वाणिज्य आणि अर्थ खात्याचे अधिकारी असतात. त्यांच्याशेजारी एक खुर्ची हृदयविकाराच्या वॉर्डात काम केलेल्या माणसालाही द्यावी. 'या दराने दहा वर्षांत किती माणसे आमच्याकडे येतील?' एवढे विचारायला.

गोव्यात आज स्टेमी प्रकल्प आहे. गावच्या आरोग्य केंद्रातून रुग्णाचा आलेख बांबोळीला जातो, तिथले डॉक्टर तो बघून लगेच उपचार सुचवतात. फार मोलाचे काम आहे हे. झटका आल्यावर माणसाला वाचवण्याची साखळी आपण उभी केली. तो येऊ नये म्हणून लागणारी साखळी मात्र बांबोळीहून खूप लांब, कुठल्या तरी बंदरापाशी सुरू होते आणि तिथे आपले कुणी उभे नाही.

वर्तमानपत्रात आयातशुल्काची बातमी अर्थ-व्यापाराच्या पानावर, शेअरबाजाराच्या आकड्यांखाली छापून येते. आपण ते पान न उघडताच घडी घालतो. माझे एवढेच सांगणे, यापुढे ती चार ओळींची बातमी दिसली तर वाचा. ती तुमच्या घरच्या कढईबद्दल आहे.